उंदराची साक्ष

१९९३ च्या एप्रिल महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जुलाबावरची औषधे दुकानांतून संपू लागली. शाळांत शिक्षक गैरहजर, विद्यार्थी गैरहजर, इस्पितळांत कर्मचारी गैरहजर. ५ एप्रिलला ही बातमी आरोग्य खात्यापर्यंत पोचली आणि ७ एप्रिलला नागरिकांना पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला. हे शहर मिशिगन सरोवराचे पाणी पिते. शुद्धीकरण केंद्रे दोन. त्यांपैकी दक्षिणेकडच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी मार्चच्या अखेरीस नेहमीपेक्षा गढूळ झाले होते. क्लोरीन मात्र घातलेले होते आणि कोलिफॉर्म जिवाणूंच्या नेहमीच्या चाचण्या निर्दोष येत होत्या. कागदोपत्री पाणी पिण्यायोग्य होते. नंतरच्या पाहणीतून आजारी पडलेल्यांचा जो अंदाज निघाला, तो ४ लाख ३ हजारांचा होता.

आजाराचे कारण होता क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी. तो पाण्यातूनच आला याचा एक पुरावा सापडला बर्फात. साथीच्या दिवसांत नळाच्या पाण्यापासून बनवलेल्या बर्फाच्या लाद्या शिल्लक होत्या. त्या वितळवून गाळल्यावर त्यात परजीवीच्या पुट्या मिळाल्या. पण एका प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाला देता येत नाही. काचपट्टीवर दिसणारी पुटी माणसाला आजारी पाडू शकते, की ते केवळ मेलेल्या जिवाचे रिकामे कवच आहे? पाण्याचे शास्त्र या प्रश्नाशी जवळजवळ चाळीस वर्षे झगडते आहे. आधी त्याचे उत्तर उंदराच्या पिल्लांकडून मिळवले गेले, नंतर काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींकडून. या बदलाचा इतिहास इथे सांगायचा आहे.

या विषयाकडे मी कसा वळलो, तेही सांगतो. विद्यार्थिदशेत ज्या संस्थेत मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो, तिथे मागच्या अंगाला प्राणिगृह होते. पांढऱ्या उंदरांची देखभाल करणारे एक मामा होते. ते प्रत्येक पिंजऱ्यावर पिल्लांच्या जन्माची तारीख खडूने लिहून ठेवत. एकदा आम्ही चाचणीसाठी पिल्लांची मोठी मागणी नोंदवली, तेव्हा त्यांनी विचारले, "एवढी कशाला लागतात? एकाने कळत नाही का?" मी म्हणालो, "मामा, एकाने कळत नाही. संख्या लागते." उत्तर बरोबर होते, तरी ते मला पुरेसे वाटले नाही. पुढे पाण्याचे जंतुशास्त्र शिकवताना क्रिप्टोस्पोरिडियमचे शोधनिबंध वाचनात आले आणि मामांचा प्रश्न परत समोर आला.

उंदरात सापडलेला जीव

या परजीवीची ओळख उंदरामुळेच झाली. हार्वर्डचे अर्नेस्ट एडवर्ड टायझर यांना १९०७ मध्ये साध्या उंदराच्या जठरातील ग्रंथींमध्ये एक अनोळखी जीव दिसला. १९१२ मध्ये त्यांनी लहान आतड्यात राहणाऱ्या, आकाराने लहान अशा दुसऱ्या जातीचे वर्णन केले आणि तिला क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम हे नाव दिले. त्यानंतर सहा दशके हा विषय पशुवैद्यकाच्या कोपऱ्यात पडून होता. टर्की पक्ष्यांत आणि वासरांत त्याची नोंद झाली, माणसात मात्र नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात शेतावर राहणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीच्या आतड्यात तो आढळला. ही माणसातील पहिल्या नोंदींपैकी एक. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांमध्ये न थांबणाऱ्या जुलाबांचे कारण म्हणून तो दिसू लागला, तेव्हा त्याच्याकडे सर्वांचे लक्ष गेले.

त्याचे बळ त्याच्या कवचात आहे. विष्ठेतून तो बाहेर पडतो तो ऊसिस्टच्या रूपात. ही टणक कवचाची गोल पुटी चार ते सहा मायक्रॉन व्यासाची असते आणि तिच्या आत चार स्पोरोझोइट असतात. पुटी आतड्यात पोचली की कवच उघडते, स्पोरोझोइट बाहेर येऊन आतड्याच्या अस्तरातील पेशींना चिकटतात आणि तिथे त्यांची संख्या वाढते. पाण्यात हीच पुटी कित्येक महिने टिकते. क्लोरीनला ती दाद देत नाही. किती दाद देत नाही, हे १९९० मध्ये कोरिच आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसले. दहापैकी नऊ पुट्या निकामी करायला लिटरला ८० मिलिग्रॅम क्लोरीन सुमारे दीड तास लागले. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. ओझोनने तेच काम लिटरला एक मिलिग्रॅम प्रमाणात पाच मिनिटांत केले.

हे आकडे मिळवताना पुट्या "निकामी" झाल्या हे ठरवणारा अखेरचा पंच नवजात उंदीर होता. प्रौढ उंदीर या परजीवीला सहजासहजी बळी पडत नाही, म्हणून चार-पाच दिवसांची पिल्ले घेत. बारीक नळीने मोजक्या पुट्या त्यांच्या पोटात सोडत, साधारण आठवडाभर थांबत, मग पिल्ले मारून आतड्यात संसर्ग शोधत. एका पिल्लाचे उत्तर फक्त "हो" किंवा "नाही" असते. पुट्यांची एक मात्रा दहा पिल्लांना दिली आणि पाच बाधित झाली, म्हणजे ती निम्म्यांना बाधणारी मात्रा ठरते. त्यासाठी प्रत्येक मात्रेला एक वेत लागते आणि मात्रा पाच-सहा असतात. ओझोनची एक चाचणी करायची तर प्रक्रिया केलेल्या पुट्यांसाठी वेगळी पिल्ले आणि न केलेल्यांसाठी वेगळी. मामांना दिलेल्या "संख्या लागते" या उत्तरामागचे गणित हे असे होते.

चुकीचा प्रश्न विचारणारी रसायने

असे असताना प्राण्यांना पर्याय आधीच का शोधला नाही, असे कुणी विचारील. पर्याय होते. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मधल्या आपल्या पुस्तकात प्रयोगातील प्राण्यांबाबत तीन तत्त्वे मांडली होती: शक्य तिथे प्राणी टाळा, टाळता येत नसतील तर संख्या कमी करा, आणि वापरावेच लागले तर त्यांचे हाल कमी करा. पाण्याच्या प्रयोगशाळांना तर पैसा आणि वेळ याही कारणांनी उंदीर नकोच होता. त्यामुळे दोन सोप्या पद्धती लोकप्रिय झाल्या. पहिली म्हणजे पुट्यांना भांड्यातच पित्तक्षार आणि शरीराइतकी ऊब देऊन त्यांचे कवच उघडते का ते पाहणे. दुसरी रंगांची. १९९२ मध्ये ग्लासगोच्या कॅम्पबेल, रॉबर्टसन आणि स्मिथ यांनी दोन चमकणारे रंग एकत्र वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यातला एक रंग अखंड पुटीत शिरून तिचे केंद्रक उजळतो, दुसरा फक्त आवरण फाटलेल्या, मेलेल्या पुटीत शिरतो. काही तासांत निकाल आणि एकाही पिल्लाचा जीव जात नाही.

याच पद्धतींनी पुढे मोठी दिशाभूल केली. ती अतिनील किरणांच्या बाबतीत झाली. अतिनील किरण क्रिप्टोस्पोरिडियमवर चालतात का, हे रंगांनी आणि कवच उघडण्याच्या चाचणीने तपासले, तेव्हा उत्तर आले की फार मोठी मात्रा दिली तरच थोडाफार परिणाम होतो. त्यामुळे या परजीवीसाठी हा उपाय निरुपयोगी आहे असा समज पक्का झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झिया बुखारी, जेनिफर क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांनी किरण दिलेल्या पुट्या नवजात उंदरांना दिल्या. रंग सांगत होते की पुट्या जिवंत आहेत. पिल्ले मात्र बाधित झाली नाहीत, तीही अगदी कमी मात्रेला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि पाण्याच्या क्षेत्रातला समज उलटला.

कारण समजून घेण्यासारखे आहे. अतिनील किरण पुटीचे कवच फोडत नाहीत, तिचे आवरणही फाडत नाहीत. ते आतल्या डीएनएला इजा करतात. पुटी श्वास घेते, कवच उघडते, स्पोरोझोइट बाहेरही येतो, पण त्याला आपली संख्या वाढवता येत नाही आणि संख्या वाढली नाही की आजार नाही. रंगांना विचारलेला प्रश्न होता, "आवरण शाबूत आहे का?" पाणी पिणाऱ्याचा प्रश्न वेगळाच असतो: "हा माझ्या आतड्यात वाढेल का?" सोप्या पर्यायाने पहिल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले आणि आपण ते दुसऱ्याचे समजून घेतले. शहरांसाठी सोयीचा असलेला उपाय त्यामुळे काही वर्षे हातचा राहिला.

२००६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नवा नियम जाहीर केला. त्यात प्रति चौरस सेंटिमीटर १२ मिलिज्यूल इतक्या अतिनील मात्रेला, हजार पुट्यांतील एकच संसर्गक्षम उरेल, असे श्रेय दिलेले आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहराने कॅट्स्किल आणि डेलावेअर जलाशयांच्या पाण्यासाठी जगातले सर्वांत मोठे अतिनील केंद्र सुरू केले. त्याची क्षमता दिवसाला दोन अब्ज गॅलनांहून अधिक आहे. प्राणिप्रयोगांचा विरोध करताना हा प्रसंग विसरून चालणार नाही. इथे उंदीर बरोबर होता आणि त्याचा पर्याय चुकला होता.

उंदीरही चुकला

मग उंदीरच कायमचा मापदंड का मानू नये? याचे उत्तर परजीवीच्या जातीत होते. १९९० च्या दशकात जनुकांवरून परजीवी ओळखता येऊ लागले, तेव्हा "क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम" म्हणून ओळखल्या जाणाऱ्यात दोन वेगळे जीव असल्याचे कळले. एक वासरांत आणि माणसांत दोन्हीकडे आढळतो, दुसरा मुख्यतः माणसांतच. २००२ मध्ये या दुसऱ्याला क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस हे स्वतंत्र नाव मिळाले. मिलवॉकीतील रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने तपासले तेव्हा ते या माणसाच्या जातीचे निघाले. आणि होमिनिस प्रयोगशाळेतील साध्या उंदराला, अगदी पिल्लालाही, बाधत नाही. म्हणजे मिलवॉकीचे संसर्गक्षम पाणी पिल्लांना पाजले असते, तर त्यांनी ते निर्दोष ठरवले असते.

माणसावरही प्रयोग झाले. १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या हर्बर्ट ड्यूपाँट आणि सहकाऱ्यांनी २९ निरोगी स्वयंसेवकांना वासरातून मिळवलेल्या पुट्या ठरावीक मात्रेत दिल्या. निम्म्यांना बाधणारी मात्रा १३२ पुट्यांची निघाली. अवघ्या ३० पुट्या दिलेल्या पाचपैकी एकाला संसर्ग झाला. निरोगी माणूस काही दिवसांत बरा होतो. ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे त्याचे तसे नाही. मिलवॉकीच्या साथीनंतरच्या दोन वर्षांत ज्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर या आजाराची नोंद होती असे ५४ जण निघाले आणि त्यांतले बहुतेक एड्सचे रुग्ण होते. अशा माणसांना पाण्यातील पुट्यांचा धोका किती, हे स्वयंसेवकांवर प्रयोग करून ठरवता येत नाही.

उलट बाजूची किंमत सिडनीने मोजली. १९९८ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात तिथल्या नळाच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डियाच्या पुट्या मोठ्या संख्येने आढळल्याचे अहवाल आले. सुमारे तीस लाख लोकांना पाणी उकळण्याचे आदेश एकामागून एक मिळाले. आजाराची साथ मात्र आली नाही. चौकशीत मोजणीच्या अचूकतेबद्दलच प्रश्न उभे राहिले. मिलवॉकीत आदेश उशिरा निघाला, सिडनीत कदाचित गरज नसताना निघाला. दोन्हीकडे अधिकाऱ्यांच्या हाती जे होते त्यातून एकच गोष्ट कळत नव्हती: पुट्या संसर्ग करू शकतात का? अमेरिकेत पुढे रूढ झालेली प्रमाण पद्धत दहा लिटर पाणी गाळून, चुंबकीय मण्यांनी पुट्या वेचून, त्यांना चमकणारा रंग देऊन मोजते. काचपट्टीवर त्या पक्क्या बसवल्या की त्यांची संसर्गक्षमता तपासण्याचा प्रश्नच उरत नाही.

काचेतले आतडे

पेशींच्या थरावर हा परजीवी वाढवता येतो हे विल्यम करंट यांनी १९८० च्या दशकातच दाखवले होते. आधी १९८३ मध्ये कोंबडीच्या अंड्यातील गर्भात आणि पुढच्याच वर्षी संवर्धित पेशींत. कोणत्या पेशी चांगल्या, हा प्रश्न होता. १९९४ मध्ये स्टीव्ह अप्टन आणि सहकाऱ्यांनी अनेक पेशीवंशांची तुलना करून एचसीटी-८ या पेशी उत्तम असल्याचे सांगितले. १९७० च्या दशकात एका रुग्णाच्या आतड्यातील कर्करोगाच्या गाठीतून या पेशी वेगळ्या केल्या होत्या आणि तेव्हापासून त्या प्रयोगशाळांतून वाढत आल्या आहेत. म्हणजे ते माणसाचेच आतडे होते, फक्त माणसाबाहेर.

पद्धत अशी. पाण्यातून वेचलेल्या पुट्या प्रथम सौम्य ब्लीचने धुतात, म्हणजे सोबतचे जिवाणू मरतात. हा भाग मी वर्गात सांगितला की विद्यार्थी हसायचे. ज्या क्लोरीनवर शहर विसंबून असते, त्याच रसायनाने इथे परजीवीला आंघोळ घालतात आणि तो ताजातवाना बाहेर पडतो! मग पुट्या पेशींच्या थरावर सोडतात आणि सुमारे दोन दिवस शरीराइतक्या उबेत ठेवतात. ज्या पुटीतील स्पोरोझोइट पेशीत शिरून वाढले, तिथे परजीवींचा लहानसा पुंजका तयार होतो. १९९७ मध्ये थेरेसा स्लिफको, जोन रोझ आणि सहकाऱ्यांनी हे पुंजके चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवून मोजण्याची पद्धत दिली. इतरांनी पेशींतून परजीवीचा आरएनए शोधण्याची वाट धरली. दोन्हीत प्रश्न उंदराला विचारला होता तोच होता: हा आतड्याच्या पेशीत वाढतो का? रंगांच्या पद्धतीत जी चूक होती ती इथे नव्हती.

तरी उंदराशी तुलना व्हायलाच हवी होती. ती २००२ मध्ये पॉल रोशेल आणि सहकाऱ्यांनी केली. पार्व्हमचे पाच वेगवेगळे नमुने त्यांनी एकीकडे पिल्लांना आणि दुसरीकडे तीन प्रकारच्या पेशींना दिले. निम्म्यांना बाधणारी मात्रा पिल्लांत १६ ते ३४७ पुट्यांच्या दरम्यान आली, एचसीटी-८ पेशींत २७ ते १०६. ओझोन आणि अतिनील किरण दिलेल्या पुट्यांच्या बाबतीत दोहोंचा सहसंबंध ०.८९ होता. निकालांतील चढउतार दोन्हीकडे सारखाच होता, म्हणजे ज्याला आपण सुवर्णमान समजत होतो तो उंदीरही पेशींइतकाच डळमळीत होता. संशोधकांनी हेही स्पष्ट लिहिले की दोन्ही पद्धतींनी मोठे फरकच ओळखावेत, लहान फरकांवर विश्वास ठेवू नये. शास्त्रातला हा प्रामाणिकपणा मला आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

पेशी उंदराच्या पुढे कुठे गेल्या, तर दोन बाबतींत. एक, होमिनिस जातही या पेशींत वाढते. दुसरी बाब संख्येची. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील १४ राज्यांतल्या ८२ शुद्धीकरण केंद्रांमधून गाळून बाहेर पडलेल्या पाण्याचे १,६९० नमुने पेशीसंवर्धनाने तपासले गेले. २४ नमुन्यांत संसर्गक्षम परजीवी मिळाला आणि ते २२ केंद्रांचे होते. चार केंद्रांमागे एक, तेही सारे नियम पाळणाऱ्या देशात. हा शोध पिल्लांच्या भरवशावर घ्यायचा म्हटला तर किती वेती लागल्या असत्या, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अजून न सुटलेले वासरू

इतके झाल्यावर "प्राणी सुटले" असे म्हणून लेख संपवणे सोपे होते. ते खरे नाही. एचसीटी-८ पेशींत परजीवीची वाढ दोन-तीन दिवसांनी मंदावते आणि त्याचे जीवनचक्र पुरे होत नाही. नव्या पुट्या तयार होत नाहीत. मग तपासणीसाठी लागणाऱ्या पुट्या येतात कुठून? वासरातून. नवजात वासराला संसर्ग देतात आणि त्याच्या जुलाबातून पुट्या गोळा करतात. जगभरच्या प्रयोगशाळा ज्या "आयोवा" वाणावर काम करतात, तो असाच वासरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालवलेला आहे. शिवाय पेशी वाढवायच्या द्रवात घोड्याचे किंवा गाईच्या गर्भाचे रक्तद्रव्य असते. पिंजरा रिकामा झाला तरी गोठा भरलेलाच राहिला.

अलीकडे या बाबतीतही हालचाल आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने मूळपेशींपासून वाढवलेल्या मानवी आतड्याच्या इवल्या प्रतिकृतींत हा परजीवी वाढवला. २०१९ मध्ये सेंट लुईसमधील डेव्हिड सिबली यांच्या गटाने पेशींचा वरचा पृष्ठभाग हवेत उघडा ठेवून परजीवीचे संपूर्ण चक्र भांड्यात पुरे करून दाखवले आणि त्यातून नव्या, संसर्गक्षम पुट्या मिळवल्या. ही पद्धत स्वस्त आणि सर्वत्र झाली, तर वासराचीही गरज कमी होईल.

आपल्याकडे हा विषय परका मानण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात देशांच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे एक केंद्र कोलकाता होते, लहान मुलांच्या गंभीर जुलाबांच्या प्रमुख कारणांत क्रिप्टोस्पोरिडियम आढळला. तान्ह्या मुलांत तर रोटाव्हायरसनंतर त्याचाच क्रम होता. आपली रोजची पाणी तपासणी मात्र मुख्यतः कोलिफॉर्मवर चालते आणि मिलवॉकीत कोलिफॉर्मची चाचणी निर्दोषच होती. पावसाळ्यात आपण हंड्यात क्लोरीनचे थेंब टाकतो. ते पटकी आणि विषमज्वराविरुद्ध उपयोगी आहेत आणि टाकलेच पाहिजेत. पण या परजीवीसाठी घरात खात्रीचा उपाय पाणी चांगले उकळणे हाच आहे.

मामा आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाला मी आज वेगळे उत्तर दिले असते. एकाने कळत नाही हे तेव्हाही खरे होते. पण शेकडोंनीही कळत नाही, जर त्यांना विचारलेला प्रश्न आपल्या प्रश्नाहून वेगळा असेल. रंगांनी तो वेगळा विचारला आणि उपाय लांबला. होमिनिसच्या बाबतीत उंदरालाही तो नीट विचारता आला नाही. प्राण्याचा जीव घेण्याआधी आणि त्याच्या जागी दुसरे काही आणण्याआधीही आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे आधी ठरवावे लागते. ते जिथे ठरले, तिथे पिंजरे कमी झाले आणि पाण्याबद्दलची माहितीही वाढली.